जनरल रजिस्टर, ईआरपी आणि १ जूनचे वाढदिवस

कॉलेजच्या जुन्या रेकॉर्डमध्ये १ जूनला जन्मलेली माणसं इतकी आहेत की बाहेरच्या माणसाला वाटेल नाशिक जिल्ह्यात मे महिन्यात कोणी जन्मतच नव्हतं. ज्यांना माहितेय त्यांना माहितेय, पूर्वी आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी पोराचं वय अंदाजाने धरायचे आणि शाळा सुरू व्हायच्या सुमाराची १ जून टाकून मोकळे व्हायचे. हल्लीच्या पोरांकडे जन्मदाखला असतो त्यामुळे प्रमाण बरंच कमी झालंय, पण जुना डेटा कॉम्प्युटरमध्ये चढवताना हे १ जूनवाले लोक फार छळतात. कारण कुठलंही सॉफ्टवेअर डुप्लिकेट शोधताना काय बघतं, तर नाव आणि जन्मतारीख. आता पवार, जाधव, गायकवाड ही आडनावं आपल्याकडे अर्ध्या वर्गाची, त्यात नाव सुनील किंवा संगीता, त्यात दोघांची जन्मतारीख १ जून. सॉफ्टवेअर म्हणतं हा एकच माणूस, मर्ज करू का? आणि समोर बसलेल्या नवीन पोराने ओके दाबलं की दोन माणसांची मिळून एक पदवी तयार.

मी नाशिकमधल्या एका कॉलेजात स्टुडंट सेक्शनला आहे. कोणतं ते सांगत नाही, सांगायची गरज पण नाही, गंगापूर रोडपासून नाशिक रोडपर्यंत कुठल्याही कॉलेजच्या खिडकीवर हेच चालू असतं. लोकांना वाटतं हे काम म्हणजे टायपिंग. फॉर्म आला, भरला, बोनाफाईड काढलं, शिक्का मारला, नेक्स्ट. खरं काम वेगळंच आहे, ते म्हणजे एकाच पोराची माहिती पंधरा ठिकाणी पंधरा प्रकारे मागितली जाते आणि ती सगळीकडे एकमेकांशी जुळली पाहिजे. विद्यापीठाला एलिजिबिलिटीसाठी वेगळी, परीक्षेच्या फॉर्मला वेगळी, महाडीबीटीच्या स्कॉलरशिपला वेगळी, एबीसी आयडीला (पोराचे क्रेडिट जमा होतात त्या क्रेडिट बँकेतला त्याचा नंबर) वेगळी, दिल्लीच्या आयशे सर्व्हेला (केंद्राचं उच्च शिक्षणाचं सर्वेक्षण) वेगळी, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला वेगळ्या टेम्प्लेटमध्ये, मग रेल्वे कन्सेशन, एसटीचा पास, मतदार नोंदणीचं शिबिर. आणि यातली एकही सिस्टीम दुसरीशी धड बोलत नाही, मधला दुवा म्हणजे आम्ही, एका हातात एक्सेल आणि दुसऱ्या हातात झेरॉक्स.

नाशिकचं अजून एक वेगळं आहे. इथे तीन मोठ्या विद्यापीठांचा कारभार चालतो. बहुतेक साधी कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची, मुक्त विद्यापीठाचं तर मुख्यालयच इथे, १९८९ पासून, आणि आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून म्हसरूळला. बऱ्याच कॉलेजांच्या इमारतीतच मुक्तचं अभ्यासकेंद्र पण असतं. त्यात २०२२ मध्ये यूजीसीने दोन डिग्र्या एकाच वेळी करायला परवानगी दिली, म्हणजे तीच मुलगी सकाळी आमच्याकडे बी.कॉम.ला रेग्युलर आणि रविवारी त्याच बिल्डिंगमध्ये मुक्तच्या क्लासला, असं होऊ शकतं. तिचे पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचे कायम नोंदणी नंबर, दोन, कारण विद्यापीठं दोन. पण एबीसी आयडी एकच. दोन्हीकडे नाव सेम पाहिजे. आणि गाडी नेमकी इथेच अडते.

नाव हा विषय काढला की आमच्या सेक्शनमध्ये सगळे एकदम बोलायला लागतात. बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. आईचं नाव मार्कशीटवर वेगळ्या ओळीत, आधारवर नाहीच. आणि इंग्रजी स्पेलिंग तर विचारूच नका. ज्ञानेश्वरची सुरुवात शाळेने डी-एन-वाय अशी केलेली असते, आधार सेंटरवाल्याने जी-वाय-ए-एन अशी, बँकेत तिसरंच काहीतरी. गायकवाडमध्ये आय आहे की वाय आहे, के नंतर ए आहे की नाही, यावर स्कॉलरशिप अडकते, खरंच अडकते, कारण पैसे आधार लिंक खात्यात जातात. एबीसी आयडी डिजिलॉकरमधून निघतो, म्हणजे तिथे येणार आधारवरचं नाव, आणि विद्यापीठ क्रेडिट पाठवणार त्यांच्याकडच्या नावाने. माणसाला दोन्ही नावं एकच दिसतात, मशीनला दोन माणसं दिसतात.

मागे एक वडील सुरगाण्याहून आले होते, पहाटेची एसटी पकडून, सीबीएसला उतरून चालत. पोराच्या नावात शाळेने एक अक्षर जास्त टाकलेलं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, आधार इकडे, मार्कशीट तिकडे, राजपत्र, प्रतिज्ञापत्र. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, पोरगा तर तोच हाय ना, तुमच्या कॉम्प्युटरला सांगा की मग." यावर काय बोलणार. बरोबरच होतं त्यांचं.

बाय द वे, २०२४ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने ठरवलं की १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव असं लिहायचं: आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. निर्णय मला मनापासून आवडला. पण सेक्शनमधलं डोकं लगेच चालतं, आपल्या सगळ्या सिस्टीममध्ये नावाचे तीनच डबे आहेत, फर्स्ट, मिडल, लास्ट. आईचं नाव मिडलमध्ये घालून वडिलांचं लास्टच्या आधी चिकटवणार का वडील आणि आई दोघं एकाच डब्यात? ही पोरं कॉलेजला येतील २०४२ च्या आसपास. तोवर मी रिटायर झालेली असेन, पण आत्ता जे सॉफ्टवेअर विकत घेताय ते तोपर्यंत कुठल्या ना कुठल्या रूपात चालू असणार, लिहून घ्या. आपल्याकडे सॉफ्टवेअर मरत नाही, फक्त त्याच्यावर नवीन लॉगिन पेज चढतं.

जातीच्या कॉलमचं पण तसंच. महाराष्ट्रात आपल्याकडे एससी, एसटी, विजा-अ (विमुक्त जाती), भज-ब, भज-क, भज-ड (भटक्या जमाती), विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग), इमाव (म्हणजे राज्याचे ओबीसी), ईडब्ल्यूएस आणि २०२४ पासून एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास). आयशेमध्ये जनरल, ईडब्ल्यूएस, एससी, एसटी, ओबीसी, संपलं. मग आपला भज-ड चा मुलगा तिकडे कुठे टाकायचा? बरेच लोक डोळे झाकून ओबीसीत टाकतात. पण केंद्राची ओबीसी यादी वेगळी, राज्याची वेगळी, ती जात केंद्राच्या यादीत आहे का ते एकेक करून बघावं लागतं. एसईबीसी राज्याच्या कायद्यातला प्रवर्ग, तो केंद्राच्या तक्त्यात नाहीच. म्हणून मी सांगते की मूळ रेकॉर्डमध्ये फक्त प्रवर्ग टाकू नका, जात जशी दाखल्यावर आहे तशी ठेवा आणि प्रवर्ग त्यावरून काढा, राज्याचा वेगळा, केंद्राचा वेगळा. मूळ माहिती एकदाच आणि जास्तीत जास्त बारीक, बाकी सगळं त्यातून निघायला पाहिजे. नाहीतर दरवर्षी पोरांना पुन्हा गुगल फॉर्म पाठवायचा, आणि पोरं गुगल फॉर्ममध्ये जातीच्या जागी "हिंदू" लिहितात, धर्माच्या जागी "हो" लिहितात, मी बघितलंय.

आता एक्सेल. एक्सेलशिवाय भारतातलं एकही कॉलेज एक दिवस चालणार नाही हे मान्य, पण एक्सेल हिशोबासाठी बनलंय, ओळख नंबरांसाठी नाही. बारा आकडी आधार किंवा एबीसी आयडी साध्या कॉलममध्ये टाकला की तो त्याला मोठी संख्या समजून १.२३ई+११ असलं काहीतरी दाखवतो. हे निदान दिसतं तरी. सोळा आकडी पीआरएन असेल तर जास्त वाईट, एक्सेल पंधराच आकडे लक्षात ठेवतं, सोळाव्या आकड्याच्या जागी गुपचूप शून्य. पन्नास पोरांचे पीआरएन शून्याने संपताना दिसले की समजायचं कोणीतरी फाईल नुसती उघडून सेव्ह केली. सुरुवातीचं शून्य असेल तर ते गायब. तारखेचं तर वेगळंच, कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर ५ जुलैचा ७ मे होतो आणि १३ पासून पुढच्या तारखा तो तारीख म्हणून घेतच नाही, म्हणजे अर्धा कॉलम उलटा आणि अर्धा सुलटा. उपाय साधा आहे, पेस्ट करायच्या आधी कॉलम टेक्स्ट करायचा, आणि सीएसव्ही फाईल डबल क्लिक करून कधीच उघडायची नाही, इम्पोर्ट करायची. हे आमच्या टेबलसमोरच्या भिंतीवर प्रिंट काढून लावलंय. तरी जूनमध्ये नवीन कोणी कॉन्ट्रॅक्टवर आलं की पुन्हा तेच.

आधारची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. तो नंबर शून्य किंवा एकने कधीच सुरू होत नाही आणि शेवटचा आकडा हा आधीच्या अकरा आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. म्हणजे एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर फॉर्म तिथल्या तिथे सांगू शकतो की हा नंबर असूच शकत नाही. आपल्या कॉलेजांचे ॲडमिशन नंबर बघा, वर्ष, कोर्स आणि पुढे एक दोन तीन. ४१२ च्या जागी ४२१ टाकलं तर सरळ दुसऱ्याच पोराची फी भरली जाते आणि कोणालाच कळत नाही. एक चेक डिजिट लावायला काय जातं?

मोबाईल नंबरवर माझा अजिबात विश्वास नाही. गावाकडचा फॉर्म सायबर कॅफेत भरला जातो आणि कॅफेवाला स्वतःचा नंबर नि स्वतःचा ईमेल टाकतो, कारण ओटीपी त्याला पाहिजे असतो. पेठ, हरसूल, कळवण, कुठलीही लिस्ट काढा, एकाच नंबरवर अख्ख्या गावाची बॅच. मग मेसेज पाठवा परीक्षेचा, वाचतो कॅफेवाला. आणि कोणीतरी डेटाबेस बनवताना मोबाईल नंबरलाच विद्यार्थ्याची मुख्य ओळख धरलेलं असतं! नाव बदलतं, मोबाईल बदलतो, आडनाव लग्नानंतर बदलतं, आधारवरचं स्पेलिंगसुद्धा बदलतं. न बदलणारी गोष्ट म्हणजे आपण दिलेला नंबर, ज्याला दुसरा काही अर्थ नाही. तोच किल्ली ठेवायचा, बाकी सगळं त्याला लटकवायचं.

जुन्या फॉन्टचं दुखणं ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. युनिकोडच्या आधी मराठी डेटा श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये टाईप व्हायचा. स्क्रीनवर मराठी, पण आत साठवलेली इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडा, अगम्य लिपी. कन्व्हर्टर मिळतात, नव्वद टक्के काम करून पण देतात, पण राहिलेल्या दहामध्ये सगळे कुऱ्हाडे, गोऱ्हे आणि वऱ्हाडे असतात. त्या जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलटं. बरं युनिकोडमध्ये आल्यावर तरी सुटलो का, तर नाही. हा जो अर्धा ऱ आहे ना कुऱ्हाडेमधला, तो दोन प्रकारे टाईप होतो, दिसायला अगदी सेम, आत वेगळा. एका क्लार्कने एका पद्धतीने टाकला आणि दुसऱ्याने दुसऱ्या कीबोर्डवरून सर्च केला की "नो रेकॉर्ड फाउंड", आणि कुऱ्हाडे खिडकीसमोर उभे, हातात आपल्याच कॉलेजचं आयकार्ड.

एवढं सगळं सांगून आता मुद्द्यावर येते. आमच्याकडे कपाटात जनरल रजिस्टरं आहेत, म्हणजे प्रवेश घेतलेल्या प्रत्येक पोराची मूळ नोंद असलेल्या वह्या, जाड, लाल कापडी पाठीच्या. नवीन लोक हसतात त्यांना. पण त्या रजिस्टरात एक नियम आहे, खोडायचं नाही, व्हाईटनर तर अजिबात नाही. नाव बदललं तर जुन्या नावावर एक सरळ रेघ, लाल शाईने वर नवीन नाव, बाजूला कुठल्या आदेशाने किंवा कुठल्या राजपत्राने बदललं ते, तारीख, आणि प्राचार्यांची सही. जुनं नाव रेघेखालून वाचता येतं. तीस वर्षांनी कोणीही बघितलं तरी कळतं की तेव्हा काय होतं, कधी बदललं, कोणी बदललं, का बदललं.

याउलट मी जे जे सॉफ्टवेअर बघितलं त्यातल्या बहुतेकांत नावाचा डबा उघडा, नवीन नाव टाका, सेव्ह. जुनं गेलं. कुठे गेलं, देव जाणे. एका बाईंचं असं झालेलं, जुन्या विद्यार्थिनी, लग्नानंतर कधीतरी कुठल्यातरी कामासाठी त्यांचं आडनाव कोणीतरी सिस्टीममध्ये बदलून दिलेलं, चांगल्या हेतूनेच. पदवी माहेरच्या नावाची, मार्कशीटं माहेरच्या नावाची, आणि परदेशातून व्हेरिफिकेशनचा मेल आला तेव्हा सिस्टीममध्ये त्या नावाची कोणी शिकलेलीच नाही. व्हेरिफिकेशनवाल्यांना धीर नसतो, त्यांना हो किंवा नाही पाहिजे. शेवटी शिपाई मामांनी वरच्या माळ्यावरून रजिस्टर काढलं, धूळ झटकली, पाचेक मिनिटात एंट्री सापडली. बाईंचं काम झालं. सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणे, मॅडम, करंट व्हॅल्यू बरोबरच आहे की.

करंट व्हॅल्यू! विद्यार्थ्याच्या रेकॉर्डला करंट पेक्षा तेव्हाची व्हॅल्यू महत्त्वाची असते. २००३ च्या मार्कशीटवर जे नाव छापलं ते २००३ चं सत्य आहे, ते आज कोणी बदलू शकत नाही. म्हणून नाव हे विद्यार्थ्याच्या तक्त्यात एक डबा म्हणून नकोच, नावांचा वेगळा तक्ता पाहिजे, अमुक नाव, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, पुरावा कोणता कागद, नोंद कोणी केली. जातीच्या दाखल्याचं, पत्त्याचं, कोर्स बदलल्याचं सगळं असंच. आणि डिलीट बटण तर कोणालाच नको, मला पण नको, प्राचार्यांना पण नको.

आणि आता हे जास्तच गरजेचं झालंय. पूर्वी टीसी दिली की रेकॉर्ड बंद, फाईल माळ्यावर. आता यूजीसीने २०२१ मध्ये क्रेडिट बँकेचे नियम आणले आणि आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाची पदवी सुरू झाली, त्यात पोरगा पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडू शकतो आणि नंतर परत येऊ शकतो, दुसऱ्या कॉलेजात सुद्धा. क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं चालतात. म्हणजे गेलेल्या पोराचं रेकॉर्ड सात वर्षं अर्धं उघडं, आणि तो परत येईल तेव्हा सिलॅबस बदललेला, विषयाचा कोड बदललेला, कदाचित सॉफ्टवेअरची कंपनी पण बदललेली. त्या वेळी नुसती "करंट व्हॅल्यू" घेऊन काय करणार आपण?

डेटा जपण्याबद्दल पण लिहायचं होतं पण तो वेगळाच पसारा आहे. एवढंच सांगते, २०२३ ला डिजिटल पर्सनल डेटाचा कायदा झाला तरी जात, मोबाईल आणि आधारसकट अख्ख्या वर्गाची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणारे लोक अजून आहेत. आणि जूनमध्ये क्लासवाले गोड बोलून बारावी पासची नंबरांसकट लिस्ट मागायला येतात, चहा वगैरे पाजायला तयार असतात. चहा आम्ही आमचा पितो.

आता आमच्याकडे नवीन ईआरपीचे, म्हणजे कॉलेजचा सगळा कारभार एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, डेमो चालू आहेत. प्रत्येक कंपनीचा मुलगा येतो, प्रोजेक्टर लावतो, रंगीत पाय चार्ट दाखवतो, मोबाईल ॲप दाखवतो, फेस रेकग्निशन हजेरी दाखवतो, मॅनेजमेंटचे लोक खूश. मग माझी पाळी आली की मी एकच गोष्ट करायला सांगते, एका डमी विद्यार्थिनीचं आडनाव बदल आणि मला तिची तीन वर्षांपूर्वीची मार्कशीट जुन्या नावाने काढून दाखव, आणि नाव कोणी कधी बदललं तेही दाखव. एक जण म्हणाला ते ऑडिट ट्रेल आमचं एक्स्ट्रा मॉड्यूल आहे, वेगळे चार्जेस. एकाने नाव बदललं आणि जुन्या सगळ्या मार्कशीटवर नवीन नाव आलं, आणि तो अभिमानाने म्हणाला, बघा मॅडम, सगळीकडे ऑटो अपडेट. एकीने मात्र, मुलगी होती, नवीनच असावी, तिने लगेच वही काढून लिहून घेतलं आणि म्हणाली हे आमच्यात होत नाही, पण व्हायला पाहिजे, टीमशी बोलून सांगते. तिच्या फोनची वाट बघतेय.

तोपर्यंत आम्ही नाव दुरुस्तीचा एक पानी फॉर्म केलाय, जुनं नाव, नवीन नाव, पुरावा, तारीख, सही, स्कॅन करून विद्यार्थ्याच्या फोल्डरला जोडायचा. जुगाड आहे, पण चालतोय.

आणि यंदा ॲडमिशन घेणारं कोणी घरात असेल तर त्यांना एवढं सांगा. फॉर्म कॅफेत भरा हरकत नाही पण मोबाईल नंबर नि ईमेल स्वतःचाच टाका. डिजिलॉकर उघडून आधारवरचं नाव आणि बारावीची मार्कशीट शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपासा. आधारमधली चूक असेल तर आधार सेंटरवर दुरुस्त होते, आणि मार्कशीटमध्ये चूक असेल तर ती आमच्या खिडकीवर दुरुस्त होत नाही हो, कितीही भांडलात तरी, त्यासाठी तुमच्या शाळेमार्फत किंवा ज्युनियर कॉलेजमार्फत बोर्डाकडे प्रस्ताव जावा लागतो. आपलं विभागीय मंडळ नाशिकलाच आहे त्यामुळे पुण्याला पळायची गरज नाही. मेमध्येच करून घ्या, जूनमध्ये सगळीकडे लाईन असते.